द पोलिसची हिट गाणी शब्द समोर ठेवून ऐकली. इतक्या गोड चालींत इतकी नकोशी माणसं?

कॅसेटकिडा

'द पोलिस'वर मराठीत धागा काढायचा तर आधी सांगावं लागतं की हे खाकी वर्दीतले नव्हेत. १९७७ साली लंडनमध्ये जमलेलं त्रिकूट. बेस आणि गळा स्टिंगचा, ड्रम्सवर स्टुअर्ट कोपलंड, गिटारवर अँडी समर्स. १९७८ ते १९८३ एवढ्या काळात पाच अल्बम काढले आणि धंदा ऐन भरात असताना दुकान बंद केलं. १९८६ मध्ये 'एव्हरी ब्रेथ यू टेक: द सिंगल्स' हा बारा गाण्यांचा संग्रह आला. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पोलिस ऐकले ते या संग्रहातून, आणि तेही कोणाकडून तरी भरून घेतलेल्या कॅसेटवर. शब्द कळायची सोय नव्हती. कॉन्व्हेंटमधला एखादा मित्र ठासून अर्थ सांगायचा आणि आपण मान डोलवायची.

आता तोच संग्रह शब्द समोर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. 'रॉक्सॅन'मधला माणूस एका वेश्येला सांगतोय की तुला आता हे करायची गरज नाही, कारण मी आलोय. तिला विचारलंय कोणी? 'कान्ट स्टँड लूझिंग यू'मधला पोरगा प्रेयसी सोडून गेली म्हणून जीव द्यायची धमकी देतो, आणि त्यातही तिने परत पाठवलेल्या रेकॉर्डींवर ओरखडे पडलेत ही तक्रार आहेच. 'डोन्ट स्टँड सो क्लोज टु मी'मध्ये मास्तर आणि शाळकरी मुलगी. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मध्ये तर सरळसरळ पाळत. 'रॅप्ड अराउंड युअर फिंगर'मध्ये चेला गुरूवर उलटायची वाट बघत बसलाय. बारापैकी निदान पाच गाण्यांचे नायक असे आहेत की आपण त्यांना घरात घेणार नाही. आणि चाली कशा? लहान पोरानेही गुणगुणाव्यात अशा.

या बँडबद्दल त्या काळातही वाद कमी नव्हते. ते खरे पंक (तेव्हाचं बंडखोर, खरखरीत रॉक) नाहीत, गोऱ्यांनी जमैकाचा रेगे पळवला, बीबीसीची बंदी, आपसातल्या मारामाऱ्या वगैरे वगैरे. मला त्यातला एकच वाद आज जिवंत वाटतो: ही माणसं गाण्यात मुद्दाम अशी रंगवली आहेत की लिहिणाऱ्यालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं? माझं मत पहिल्याकडे झुकतं, पण पूर्ण नाही. बोला.

गिरगावकर

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

आधी मुंबईचा हिशेब. पोलिस मार्च १९८० मध्ये मुंबईत येऊन गेलेत हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. धोबी तलावचं रंगभवन, उघड्यावरचं थिएटर. कार्यक्रम 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब'चा, म्हणजे मुख्यतः पारशी बायकांची धर्मादाय संस्था. पंक-न्यू वेव्हवाल्यांचा कार्यक्रम आणि आयोजक कोण, तर साडीवर मोत्यांची माळ घालणाऱ्या मावश्या! त्यांच्या जगप्रवासावरच्या माहितीपटात मुंबईची दृश्यं आहेत, मिळाला तर बघा. त्याच दौऱ्यात ते कैरोलाही गेले होते. त्या काळी ब्रिटिश रॉकवाले अमेरिका, युरोप, फार तर जपान एवढंच करत.

माझा मामा तेव्हा झेवियर्सला होता. तो सांगतो की सुरुवातीला सगळे शिस्तीत बसले होते आणि शेवटी कोण कुठे बसलंय हा प्रश्नच उरला नव्हता. शब्दांचं म्हणाल तर त्याला आजही 'रॉक्सॅन' कोण ते माहीत नाही. नाव छान आहे म्हणतो.

कॅसेटकिडा

नाव भिंतीवरून उचललंय. १९७७ मध्ये पॅरिसला कार्यक्रमासाठी गेले असताना हॉटेलच्या आसपास वेश्या उभ्या असायच्या, आणि हॉटेलात 'सिरानो द बर्जराक' नाटकाचं जुनं पोस्टर होतं. त्यातल्या नायिकेचं नाव रॉक्सॅन. झालं गाणं.

धा_तिरकिट

शब्दांचं तुम्ही बघा, मी ठेक्याचं बोलतो. कोपलंडवर स्वतंत्र धागा निघायला हवा.

रेगेतला 'वन ड्रॉप' म्हणजे काय हे तबलावाल्याला एका वाक्यात सांगता येतं: समच रिकामी. आपल्याकडे सगळे धावत येऊन समेवर भेटतात. इथे चार मात्रांच्या आवर्तनात पहिलीवर बेस ड्रम वाजतच नाही, तो पडतो तिसरीवर. बॉब मार्लीच्या वेलर्समधल्या कार्लटन बॅरेटचा हात ऐका म्हणजे कळेल. कोपलंडने हे उचललं, पण त्याच्यावर रॉकची घाई आणि हाय-हॅटची (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची) बारीक कलाकुसर चढवली. 'वॉकिंग ऑन द मून' हेडफोनवर ऐका. बेसचे मोजून तीन-चार सूर, गिटारची एक लांब झंकारणारी तार, आणि सगळ्या मोकळ्या जागेत हाय-हॅट खारीसारखी इकडून तिकडे पळतेय. तीन माणसांचा बँड असून एवढी मोकळी जागा ठेवायला धीर लागतो.

'रॉक्सॅन' स्टिंगने आणलं तेव्हा ते बोसानोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलच्या संथ ठेक्याच्या अंगाने जाणारं होतं. कोपलंडने ठेका फिरवून टँगोसारखा केला. गाण्याच्या अगदी सुरुवातीला पियानोचा एक बेसूर आवाज आणि हसणं ऐकू येतं ना? स्टिंग टेकायला म्हणून पियानोवर बसला, झाकण उघडं होतं. तसंच ठेवलं. एवढ्या काळजीपूर्वक बांधलेल्या गाण्याची सुरुवात बुडाने वाजवलेल्या पियानोने होते, हे मला फार आवडतं.

कोपलंडचं बालपण कैरो-बैरूतमध्ये गेलं. बाप सीआयएत. त्यामुळे तिरके ठेके त्याच्या कानात लहानपणापासून होते, असं तो स्वतःच सांगतो.

शाळाबाई

मी माध्यमिकला शिकवते. नाव बघूनच कळलं असेल.

कॅसेटकिडा, 'डोन्ट स्टँड सो क्लोज'बद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात. मला थांबायचंय. गाण्यात मुलीला काय काय दिलंय बघा: तिचं झुरणं, तिच्या मैत्रिणींचा मत्सर, बसस्टॉपवर भिजत उभं राहणं. मास्तराला काय दिलंय? भीती, मोह आणि शेवटी स्टाफरूममधली कुजबुज. म्हणजे घडतंय जे ते सगळं तिच्यामुळे, आणि भोगतोय बिचारा तो. ध्रुवपदात 'लांब उभी रहा' हेही तिलाच बजावलंय. वर 'लोलिता'वाल्या नाबोकोव्हचा दाखला, म्हणजे आमचं वाचन दांडगं! ज्या कादंबरीत निवेदकावर विश्वास ठेवू नका हेच सांगायचं आहे, तिचा उल्लेख मास्तराच्या बाजूने साक्ष म्हणून आलाय.

हे १९८० चं ब्रिटनमधलं वर्षभरात सर्वांत जास्त खपलेलं सिंगल आहे. व्हिडिओत तिघे मास्तरांचे झगे घालून वर्गात नाचतात. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. स्टिंग स्वतः आधी इंग्लंडच्या उत्तरेला शाळामास्तर होता, म्हणून 'हे खरं घडलं होतं का' एवढंच मात्र सगळ्यांनी चघळलं. त्याने ते आत्मकथन नसल्याचं सांगितलंय, आणि तो शिकवायचा ती शाळाही अगदी लहान मुलांची होती. माझा आक्षेप तो नाहीच. माझा आक्षेप असा की गाण्याला मुलगी दिसतच नाही.

रॉकरिकामटेकडा

शाळाबाई, दर वेळी गाण्याला नैतिक मूल्यशिक्षणाच्या तासाला बसवलंच पाहिजे का? तो निवेदक आहे. निवेदक घाबरलेला, स्वार्थी, आंधळा आहे. म्हणूनच त्याला मुलगी दिसत नाही. ती लेखकाची चूक कशी?

शाळाबाई

कारण लेखकाने मला दुसरीकडून बघायला एक फटदेखील ठेवली नाही. 'एव्हरी ब्रेथ'मध्ये ठेवलीय. तिथे बोलणारा जितका गोड बोलतो तितका तो भयाण होत जातो, तुम्हाला मागे सरावंसं वाटतं. 'डोन्ट स्टँड'मध्ये मागे सरावंसं वाटत नाही, मास्तरांचं सांत्वन करावंसं वाटतं. हा फरक नैतिकतेचा नाही, कारागिरीचा आहे.

आणि आता एक गंमत. तुमच्या १९८६च्या संग्रहात मूळ गाणं नाहीच. त्यात 'डोन्ट स्टँड सो क्लोज टु मी ८६' आहे, नव्याने वाजवलेलं. मंद, जड, सिंथेसायझरने भरलेलं. सगळे त्याला शिव्या घालतात. मला ते मूळ गाण्यापेक्षा योग्य वाटतं. त्या विषयाला उड्या मारणारा ठेका शोभतच नव्हता. ८६च्या रूपात निदान खोलीतली हवा कोंदट आहे हे जाणवतं.

धा_तिरकिट

अहो बाई!! ८६चं रूप चांगलं? दंडवत स्वीकारा, पण सहमत होणं शक्य नाही.

त्याची जन्मकथा ऐका. जून १९८६ मध्ये अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेच्या मदतीसाठी तिघे पुन्हा एकत्र वाजवले. मग ठरलं की स्टुडिओत जाऊन जुनी गाणी नव्याने करू, जमलं तर नवा अल्बमही. नेमका कोपलंड घोड्यावरून पडला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम ड्रमरपैकी एक स्टुडिओत हात बांधून हजर, आणि ठेका मशीनवर! त्यात कोणतं मशीन, फेअरलाइट की सिंक्लाव्हियर, यावरून त्याची आणि स्टिंगची जुंपली. दोनच जुनी गाणी नव्याने झाली आणि सगळे आपापल्या घरी गेले. 'डी डू डू डू'चं नवं रूप तर तेव्हा बाहेरसुद्धा आलं नाही. म्हणजे संग्रहातलं हे एक गाणं हे बँडच्या मृत्यूचा पंचनामा आहे. तुम्हाला जी कोंदट हवा जाणवते ती मास्तर-विद्यार्थिनीची नाही, या तिघांची आहे.

शाळाबाई

असेल. मला ती गाण्यात ऐकू येते एवढं पुरे.

रॉकरिकामटेकडा

ज्यांना मूळ रूप हवंय त्यांनी १९९२चा 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐका. त्यात 'सो लोनली', 'सिंक्रोनिसिटी टू', 'टी इन द सहारा' पण आहेत. १९८६चा संग्रह मी भेट म्हणूनही घेणार नाही.

नॉर्दर्नलाइन

लंडनहून हजेरी.

बीबीसीच्या बंदीबद्दल थोडं. 'रॉक्सॅन'वर बंदी ही अर्धी जाहिरातबाजी होती. बीबीसीने ते प्लेलिस्टवर घेतलं नाही इतकंच. पोस्टर मात्र छापली 'बंदी घातलेलं गाणं' म्हणून. पोलिसांचा मॅनेजर माइल्स कोपलंड, म्हणजे ड्रमरचा थोरला भाऊ, या कामात पटाईत. तिसरा भाऊ इयन कार्यक्रमांच्या तारखा लावायचा. त्याच्या एजन्सीचं नाव एफबीआय, माइल्सच्या रेकॉर्ड कंपनीचं आयआरएस. बाप सीआयएत, म्हटल्यावर मुलांनी सरकारची उरलेली खातीही वाटून घेतली.

'कान्ट स्टँड लूझिंग यू'ची अडचण मुखपृष्ठामुळे झाली. त्यावर कोपलंड गळ्यात फास अडकवून बर्फाच्या लादीवर उभा आहे आणि बर्फ वितळायला शेजारी हीटर. आज असं कोणी छापणार नाही, आणि छापू नयेच. पण पुढच्या वर्षी पुन्हा काढलं तेव्हा तेच गाणं दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

खरी बंदी म्हणावी अशी गोष्ट 'इनव्हिजिबल सन'च्या व्हिडिओची. १९८१, उत्तर आयर्लंडमध्ये तुरुंगातल्या उपोषणात दहा कैदी मेले ते वर्ष. व्हिडिओत बेलफास्टच्या रस्त्यांची दृश्यं, सैनिक, पोरं. बीबीसीने दाखवायला नकार दिला. स्टिंगची तेव्हाची बायको फ्रान्सिस टोमेल्टी बेलफास्टची, त्यामुळे विषय घरातला होता. गाण्यात कोणाची बाजू घेतलेली नाही, घोषणा नाही. नुसती एक खर्जातली गुणगुण आणि अंधारात दिवस काढणारी माणसं. इथे आयरिश लोकांशी बोलताना कळतं की काहींना हे गाणं प्रामाणिक वाटतं, काहींना 'बाजू न घेणं' हाच पळपुटेपणा वाटतो. मला ते संग्रहातलं सर्वांत टिकलेलं गाणं वाटतं. या एकाच गाण्यात स्टिंग स्वतःकडे बघत नाहीये.

रॉकरिकामटेकडा

बाजू घेण्याचा विषय निघालाच आहे तर १९८२ मध्ये हेच लोक हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत व्हिन्या देल मारच्या महोत्सवात वाजवून आले होते. पाच वर्षांनी स्टिंगने चिलीतल्या बेपत्ता माणसांच्या बायकांवर गाणं लिहिलं. उशिरा सुचलेलं शहाणपण की प्रायश्चित्त, ठरवा.

त्याच्या आधी १९८० मध्ये ब्वेनोस आयरेसला, तिथेही लष्करशाही, कार्यक्रम चालू असताना एक पोलीस एका मुलीला मारत होता म्हणून अँडी समर्सने त्याला स्टेजवरून लाथ घातली होती. बँडमधला सर्वांत वयस्कर आणि सर्वांत शांत माणूस. पोलिसाने पोलिसाला लाथ.

भाऊचा_धक्का

रेगेचा वाद तुम्ही लोक चतुराईने टाळताय.

दुसऱ्या अल्बमचं नाव 'रेगाटा द ब्लांक', म्हणजे मोडक्या फ्रेंचमध्ये 'गोऱ्यांचा रेगे'. स्वतःच कबुली दिली की वाद संपला, असं वाटतं का? त्याच काळात बर्मिंगहॅमचे स्टील पल्स, लंडनचे अस्वाद असे काळ्या पोरांचे रेगे बँड ब्रिटनमध्ये होते. रस्त्यावर पोलीस थांबवायचे ते त्या पोरांना. पैसा आणि रेडिओ कोणाला मिळाला? पेरॉक्साइडने केस रंगवलेल्या तिघांना. आणि ते केसही क्रांतीसाठी रंगवले नव्हते, च्युइंगगमच्या जाहिरातीत पंक बँड हवा होता म्हणून. वर स्टिंगने गाताना आणलेला जमैकन हेल. न्यूकॅसलजवळच्या दूधवाल्याच्या मुलाला तो हेल कुठून आला?

धा_तिरकिट

हेलाबद्दल मान्य. 'सो लोनली' ऐकताना मलाही अवघडतं. त्याची सुरावट मार्लीच्या गाण्यावरून घेतल्याचं स्टिंगनेच सांगितलंय.

पण ठेक्याबद्दल नाही. तिघांत पंक कोणीच नव्हता. कोपलंड कर्व्ड एअरमधून आलेला, स्टिंग न्यूकॅसलच्या जॅझ बँडमधून, समर्सचा जन्म १९४२चा, तो अ‍ॅनिमल्स आणि सॉफ्ट मशीनबरोबर वाजवून आलेला. पंकच्या लाटेत तग धरायची तर वाजवता येत नसल्यासारखं वाजवावं लागे. ते यांना जमेना. रेगेने त्यांना वाट दिली: कमी वाजवा, पण नेमकं वाजवा. त्यातून जे आलं ते रेगे नाहीच. 'मेसेज इन अ बॉटल'चा ठेका कुठल्या जमैकन माणसाला आपला वाटेल? चोरी म्हणायची तर चोरलेला माल ओळखू तरी यायला हवा.

भाऊचा_धक्का

माल ओळखू येत नाही म्हणजे चोरी मुरली. असो. तुमचं तबल्याचं उदाहरण आवडलं, एवढं कबूल.

अनामिक_पुणे३०

जिलबी पाडून घ्या. आमच्या वेळी न्यू वेव्ह म्हटलं की समांतर सिनेमा समजायचे.

कॅसेटकिडा

@अनामिक, पुणे ३० असल्यामुळे माफ.

'एव्हरी ब्रेथ'वर येऊया का? सगळ्यांनी त्याला वळसा घातलाय. जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझात स्टिंग आला होता. मी होतो. हे गाणं सुरू झाल्याबरोबर माझ्या समोरची जोडपी एकमेकांच्या गळ्यात. मोबाइलचे दिवे वर. एक मुलगा मुलीच्या डोळ्यांत बघून 'मी तुझ्यावर नजर ठेवून असेन' हे गातोय आणि ती लाजतेय. आणि स्टेजवर बहात्तर वर्षांचा गृहस्थ, ज्याने हे गाणं भयाण आहे असं कित्येक मुलाखतींत सांगितलंय, शांतपणे गातोय.

नॉर्दर्नलाइन

इथे तर लग्नात पहिल्या नाचाला लावतात! कोणी शब्द ऐकत नाही हेच खरं. १९८३ मध्ये अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरवर होतं.

स्टिंगने ते जमैकात लिहिलं, इयन फ्लेमिंगच्या 'गोल्डनआय' या घरात. जिथे जेम्स बाँड जन्मला तिथेच. तेव्हा त्याचं पहिलं लग्न मोडत होतं. म्हणजे पाळतीचं गाणं हेरकथांच्या टेबलावर.

शाळाबाई

आपल्याकडे ते प्रेमगीत वाटतं यात नवल काय. नव्वदीतला हिंदी सिनेमा बघून वाढलेली माणसं आपण. पिच्छा पुरवणारा तो हिरो, नाही म्हणणारी ती लाजरी. स्टिंगला जो माणूस भयाण म्हणून दाखवायचा होता तो आपल्याकडे पोस्टरवर होता.

पण एक सांगू? दोष ऐकणाऱ्यांना देऊन भागत नाही. गिटार ऐका. ती गिटार भीती दाखवते का? नाही. ती थोपटते.

मडगावचो

शाळाबाईंनी गिटार काढली म्हणून लिहितो, नाहीतर मी वाचनमात्र.

मी गिटार वाजवतो. ती नक्षी वाजवायला बसा म्हणजे कळेल. साधा कॉर्ड नाही. प्रत्येक कॉर्डात एक जादा सूर घुसवलाय, षड्जाजवळचा रिषभ म्हणा, आणि मधला गंधार बऱ्याचदा चकवलाय. त्यामुळे डावी तर्जनी आणि करंगळी चार-पाच पडद्यांवर ताणून धरावी लागते. उजव्या हाताचा तळवा तारांवर दाबून, आवाज कोरडा. चार मिनिटं तसं वाजवलं की मनगट बोलायला लागतं. समर्सला हे बार्टोक या हंगेरियन संगीतकाराच्या व्हायोलिनच्या सरावाच्या जोड्या वाजवून सुचलं होतं. स्टिंगचा मूळ नमुना ऑर्गनवर होता, सरधोपट. तो समर्सला म्हणाला की तुझ्या पद्धतीने कर, आणि समर्सने बसून एका झटक्यात वाजवलं.

तो जादा सूरच त्या गाण्याचा जीव आहे. तो सुखाचाही वाटतो आणि न सुटलेलाही. लग्नात नाचणारे बरोबर आणि स्टिंगही बरोबर, कारण सुरात दोन्ही आहेत. पण गीतकार-संगीतकार म्हणून नाव फक्त स्टिंगचं.

१९९७ मध्ये रॅपर पफ डॅडीने आपल्या मेलेल्या मित्रासाठी गाणं केलं, त्यात घेतलं काय? ध्रुवपदात स्टिंगची चाल आहेच, पण सगळ्या गाण्याखाली गिटारची नक्षी. जगभर पहिल्या नंबरवर. रचनेचे पैसे गेले स्टिंगकडे. धंद्याच्या रिवाजाने रचना म्हणजे शब्द आणि गळ्याची चाल. बाकी सगळं 'वाजवणं'.

आम्हा गोंयकारांना हे नवीन नाही. हिंदी सिनेमाच्या पन्नास-साठच्या दशकातली गाणी घ्या. व्हायोलिनांचे ताफे, मधली इंटरल्यूड, काउंटर-मेलडी लिहिणारे कोण? सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आणि त्यांच्यासारखे कितीतरी. तबकडीवर नाव संगीतकाराचं. अरेंजरला ठरलेली मजुरी, आणि पुढे कुठल्या रॉयल्टीत नाव नाही. आज तुम्ही गाणं गुणगुणताना दोन ओळींच्या मधे जे 'टारारा' म्हणता ते यांचं.

नॉर्दर्नलाइन

मडगावचो, प्रतिसाद कमाल. आणि भांडण अजून चालूच आहे. २०२५ मध्ये कोपलंड आणि समर्स या दोघांनी लंडनच्या हायकोर्टात स्टिंगवर दावा लावला. वाद याच मुद्द्याचा. स्टिंग आपल्या उत्पन्नातला काही भाग 'अरेंजर' म्हणून दोघांना द्यायचा, हा सुरुवातीच्या दिवसांतला तोंडी करार, पुढे लेखी झालेला. प्रश्न असा की तो करार स्ट्रीमिंगला लागू होतो की नाही. मधल्या काळात स्टिंगने आपला गाण्यांचा संग्रह २०२२ मध्ये युनिव्हर्सलला विकूनही टाकला.

रॉकरिकामटेकडा

शब्द स्टिंगचे, चाल स्टिंगची, गळा स्टिंगचा. उरलेल्या दोघांनी त्याच्यानंतर असं किती हिट गाणं दिलं? वाजवणारे चांगले असतात, गाणारा-लिहिणारा एकच असतो. कटू आहे पण आहे.

धा_तिरकिट

स्टिंगने एकट्याने केलेलं 'रॉक्सॅन' ऐका मग. मंद, मखमली. गाणं तेच, शब्द तेच, आणि झोप येते.

कॅसेटकिडा

मूळ प्रश्नाकडे. मडगावचोंच्या प्रतिसादानंतर मला माझा प्रश्नच तिरका वाटतोय. मी शब्दांत शोधत होतो की माणसं मुद्दाम नकोशी केली की कसं. पण ती माणसं सुसह्य झाली ती वाजवण्यामुळे. 'कान्ट स्टँड लूझिंग यू'मधला धमकी देणारा पोरगा विनोदी वाटतो कारण कोपलंड त्याला टप्पल मारत असल्यासारखा वाजवतो. 'एव्हरी ब्रेथ'मधला माणूस प्रियकर वाटतो समर्समुळे. आणि 'डोन्ट स्टँड ८६'मध्ये कोपलंड नाही, तर मास्तर लगेच उघडा पडला. शाळाबाईंना ते रूप पटलं त्याचं कारण हेच असावं. लिहिणाऱ्याने नकोशी माणसं दिली आणि उरलेल्या दोघांनी त्यांना चारचौघांत वावरण्याजोगं केलं. आता यात श्रेय म्हणायचं की गुन्ह्यात साथ, हे कोर्टाला विचारा.

शाळाबाई

गुन्ह्यात साथ. पण टाळ्यांसकट.

माझ्या नववीच्या वर्गात स्नेहसंमेलनासाठी एका मुलाने 'एव्हरी ब्रेथ' सुचवलं होतं, आई-बाबांचं आवडतं म्हणून. मी मुलींना शब्द वाचायला दिले. एकीने वाचून विचारलं, 'बाई, हा ब्लॉक का नाही करत?' संमेलनात 'मेसेज इन अ बॉटल' घेतलं. त्यात निदान माणूस बेटावर एकटा आहे, कोणाच्या मागे लागलेला नाही.

गिरगावकर

फार हसलो.

मामाला धागा वाचून दाखवला. रॉक्सॅन कोण ते कळल्यावर गप्प बसला आणि मग म्हणाला, त्या पारशी बायकांना माहीत होतं का?

भाऊचा_धक्का

पारशी बायकांना सगळं माहीत असतं.

रंगभवनाचं म्हणाल तर आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद पडलं. जॅझ यात्रा, इंडिपेंडन्स रॉक, सगळं तिथलंच. आता महालक्ष्मीला तिकीट काढा आणि तीनशे मीटरवरून पडद्यावर स्टिंग बघा.

मडगावचो

श्रेयाच्या विषयावर एक शेवटचं, दोन्ही संग्रहांत नसलेलं. तिसऱ्या अल्बमवर समर्सचं 'बिहाइंड माय कॅमल' नावाचं वाद्यगीत आहे. स्टिंगला ते इतकं आवडत नसे की त्याने त्यावर बेस वाजवायलाच नकार दिला, मग समर्सने बेसही स्वतःच वाजवला. स्टुडिओत टेप हाताला लागली तर स्टिंगने ती मागच्या बागेत नेऊन पुरली. स्टिंग स्वतःच हे सांगतो.

टेप उकरून काढली, अल्बमवर गेली, आणि त्या गाण्याला सर्वोत्तम रॉक वाद्यवादनाचं ग्रॅमी मिळालं. रचनाकार म्हणून एकच नाव: अँडी समर्स.

धा_तिरकिट

आणि खरं सांगायचं तर गाणं रद्दीच आहे. पण ग्रॅमीचा आनंद झाला.